घट बसण्याआधीचा शनिवार-रविवार : वाचकांचे प्रश्न

यंदा घटस्थापना गुरुवारी आहे. त्यामुळे तिच्याआधीचा शनिवार-रविवार सोलापुरातील बहुतेक घरांत वर्षातला सर्वांत भरगच्च ठरणार, हे या पंधरवड्यात आलेल्या पत्रांवरून दिसते. घराचा दसरा काढायचा आहे, पाऊस थोडा उघडला म्हणून मुलांना बाहेर न्यायचे आहे, आणि पावसाळाभर बाजूला पडलेल्या छंदांनाही हात लावायचा आहे. या पत्रांतील काही निवडक प्रश्नांना येथे उत्तरे दिली आहेत.

प्रश्न : आमच्या घरी सासूबाई, पती, नववीतला मुलगा आणि पाचवीतली मुलगी आहे. नळाला पाणी चार-पाच दिवसांनी येते आणि या खेपेला ते शुक्रवारी रात्री येईल. दोन दिवसांत दसरा काढायचा आहे. मुलाला पक्षी पाहायला नान्नजला जायचे आहे, सासूबाईंना घट बसण्यापूर्वी तुळजापूरचे दर्शन हवे आहे आणि माझे भरतकाम दोन वर्षांपासून कपाटात पडून आहे. हे सारे कसे बसवावे?
– एक वाचिका, जुळे सोलापूर

उत्तर : हे सारे दोन दिवसांत बसणार नाही, आणि बसवण्याचा प्रयत्न केल्यास त्याचा भार तुमच्या एकटीवर येईल. म्हणून आधी एक गोष्ट पुढे ढकलावी. माझ्या मते ती तुळजापूरची यात्रा असावी. भाद्रपद वद्य अष्टमीपासून देवीची मंचकी निद्रा सुरू होते. देवीची मूर्ती सिंहासनावरून पलंगावर नेली जाते आणि घटस्थापनेच्या पहाटे ती पुन्हा सिंहासनावर विराजमान होते. दर्शन या काळातही होते, परंतु सासूबाईंच्या मनात सिंहासनावरील देवी असेल, तर या शनिवार-रविवारी ती दिसणार नाही. नवरात्रात गर्दी अपार असते, दसऱ्यानंतर पौर्णिमेपर्यंत देवीची श्रमनिद्रा असते, आणि कोजागरीला सोलापुरातून पायी जाणाऱ्या भाविकांनी तुळजापूरचा रस्ता भरून जातो. त्यामुळे वयस्कर व्यक्तीला घेऊन जाण्यासाठी कोजागरीनंतरचा एखादा साधा वार सर्वांत सोयीचा. अंतर सुमारे पंचेचाळीस किलोमीटर असल्याने पहाटे निघून दुपारच्या जेवणाला घरी परतता येते. तोपर्यंत सासूबाईंना शहरातल्याच रूपाभवानीच्या दर्शनाला शनिवारी संध्याकाळी नेता येईल. मात्र हा निर्णय त्यांना विचारूनच घ्यावा. निद्रेतील देवीचेच दर्शन त्यांना हवे असेल, तर तुळजापूर ठेवावे आणि नान्नज पुढे न्यावे, कारण पक्षी महिनाभराने अधिकच दिसतील.

आता कामाकडे वळू. सोलापुरात वर्षातला सर्वाधिक पाऊस सप्टेंबरमध्ये पडतो, आणि तो बहुधा दुपार कलल्यावर विजांच्या कडकडाटासह येतो. सकाळ निरभ्र असते, अकरा ते दोन ऊन चटका देते आणि तीनच्या सुमारास आभाळ भरू लागते. सूर्य सव्वासहाच्या आसपास उगवतो. म्हणजे गोधड्या, वाकळा आणि जाड चादरी नऊ वाजेपर्यंत दोरीवर गेल्या, तरच त्या त्याच दिवशी पूर्ण वाळतील. म्हणून धुण्याचे सारे काम शनिवारी पहाटे हाती घ्यावे आणि रविवारी धुण्याला हातही लावू नये. पहिल्या फेरीत फक्त जाड वस्तू घ्याव्यात. पडदे, उशांचे अभ्रे आणि पातळ कपडे दोन तासांत वाळतात, त्यांना दहानंतर सुरुवात केली तरी चालते.

भिजलेली गोधडी एकट्या माणसाने पिळण्याची वस्तू नाही. तिची दोन टोके दोघांनी धरून उलट दिशांना पीळ द्यावा लागतो, आणि नववीतला मुलगा हे काम आपल्या वडिलांबरोबर उत्तम करू शकतो. गच्चीवर नेणे, दोरीवर टाकणे, दुपारी पालटणे आणि तीनच्या आत उतरवणे ही जबाबदारी त्या दोघांची, असे शुक्रवारी रात्रीच स्पष्ट ठरवावे. पाचवीतल्या मुलीने उतरवलेल्या कपड्यांच्या घड्या घालाव्यात. दसरा काढणे हे घराचे काम आहे आणि ते घरातील बाईच्या नावावर लिहिलेले नाही, हे मला येथे आग्रहाने सांगावेसे वाटते, कारण दरवर्षी या सुमारास येणाऱ्या पत्रांत हाच थकवा वेगवेगळ्या शब्दांत लिहिलेला असतो.

पाण्याचा हिशेब असा ठेवावा की एका वस्तूच्या शेवटच्या खळबळलेल्या पाण्यात पुढच्या वस्तूची पहिली धुलाई व्हावी, आणि साबणाचे पाणी शेवटी न्हाणीघर, जिना व अंगण यांसाठी वापरावे. साबण फार असलेले पाणी कुंड्यांना घालू नये. याच निमित्ताने एक काम अवश्य करावे. शुक्रवारी रात्री पाणी येण्यापूर्वी पिंपे आणि बॅरल रिकामे करून आतून ब्रशने घासावेत आणि उपडे घालून वाळवावेत. डेंग्यूचा डास साठवलेल्या स्वच्छ पाण्यातच वाढतो. त्याची अंडी पाण्याच्या रेषेलगत भांड्याच्या भिंतीला चिकटलेली असतात आणि नुसते पाणी ओतून दिल्याने ती जात नाहीत. अंड्यापासून डास होण्यास साधारण आठ-दहा दिवस लागतात, म्हणून आठवड्यातून एकदा घासणे पुरेसे होते. जेथे पाणी साठवण्याशिवाय गत्यंतर नाही, तेथे ही सवय नवरात्रानंतरही मोडू नये.

रविवारी पहाटे सव्वापाचला नान्नजसाठी निघावे आणि दहापर्यंत परतावे. त्यानंतर स्वयंपाकघरातील डबे, फळ्या आणि देवघर यांकडे सर्वांनी मिळून वळावे. ही कामे छताखालची असल्याने दुपारी पाऊस आला तरी अडत नाहीत.

राहिला तुमच्या भरतकामाचा प्रश्न. त्यासाठी शनिवारी दुपारी तीन ते पाच ही वेळ आताच राखून ठेवा. उतरवलेल्या कपड्यांच्या घड्यांचे काम बाकीचे तिघे करीत असताना तुम्ही खिडकीशी बसावे. उत्तरेकडील खिडकी असेल तर उत्तम, कारण तिच्यातून येणारा उजेड सारखा राहतो आणि टाक्यावर सावली पडत नाही. कामे उरकून वेळ उरला तर बसेन, असे मनात ठेवलेत तर पुढचा दसराही कपाट न उघडताच जाईल.

प्रश्न : नान्नजच्या अभयारण्यात आता माळढोक दिसतो का? मुलीला पहिल्यांदाच नेत आहोत. दुर्बीण कोणती घ्यावी आणि काय काय दिसेल?
– एक वाचक, बाळे

उत्तर : माळढोक दिसेल या आशेने मुलीला नेऊ नये. हे अभयारण्य 1979 साली मुख्यत्वे याच पक्ष्यासाठी घोषित झाले, परंतु आज तेथे एखादा माळढोक दिसणेही अत्यंत दुर्मीळ झाले आहे. नर पंधरा किलोपर्यंत वजनाचा होतो, म्हणजे उडणाऱ्या पक्ष्यांतील हा सर्वांत वजनदार पक्ष्यांपैकी एक. मादी उघड्या माळावर जमिनीवरच बहुधा एकच अंडे घालते. माळ नांगरले गेले, भटक्या कुत्र्यांचा उपद्रव वाढला आणि उच्चदाबाच्या विजेच्या तारा सर्वत्र आल्या. या पक्ष्याला सरळ समोरचे कमी दिसते आणि जड शरीरामुळे ऐनवेळी वळता येत नाही, म्हणून तारांना धडकून त्याचे मृत्यू होतात. मुलीला हे सारे आधी घरी सांगावे. जे पाहायला मिळत नाही ते का मिळत नाही, हे दहा वर्षांच्या मुलांना नीट समजते आणि त्यांच्या मनात दीर्घकाळ राहते.

मात्र माळ रिकामा नाही. काळविटांचे कळप तेथे हमखास दिसतात. पावसानंतरच्या हिरव्या गवतात गडद पाठीचा, पीळदार शिंगांचा नर दुर्बिणीशिवायही ओळखता येतो. याच दिवसांत मध्य आशियाकडून येणारे भोवत्या जातीचे शिकारी पक्षी उतरू लागतात. गवताच्या शेंड्यांवरून अगदी खालून, पंख किंचित वर धरून ते तरंगत जातात आणि नाकतोड्यांवर झडप घालतात. रात्री ते झाडावर न बसता गवतातच जमिनीवर एकत्र उतरतात. सप्टेंबरअखेर त्यांची सुरुवात असते, तर नोव्हेंबरमध्ये संख्या बरीच वाढते. गुलाबी अंगाच्या आणि काळ्या डोक्याच्या भोरड्यांचे थवे ज्वारीच्या पट्ट्यात आधीच पोहोचलेले असतात. याशिवाय चंडोल, माळटिटवी, धाविक, पखुर्डी, खाटीक आणि तारेवर बसलेला नीलपंख यांपैकी निम्मे जरी दिसले, तरी पहिली फेरी चांगली झाली असे समजावे. लांडगाही या माळावर आहे, पण तो दिसणे सर्वस्वी त्याच्या मर्जीवर.

दुर्बीण आठ पट मोठे दाखवणारी आणि चाळीस-बेचाळीस मिलिमीटर भिंगाची घ्यावी. दुकानात ती 8×40 किंवा 8×42 अशा आकड्यांनी ओळखली जाते. दहा वा बारा पटीची दुर्बीण लहान हातांत थरथरते आणि पक्षी चौकटीतून निसटतो. विकत घेण्याआधी कोणाची तरी उसनी मिळाली तर ती नेऊन पाहावी, कारण मुलीला हा छंद खरोखर रुचतो का हे एक-दोन सकाळींत कळते.

नान्नज बार्शी रस्त्यावर शहरापासून सुमारे वीस किलोमीटर आहे. प्रवेशाची परवानगी आणि वेळ यांची चौकशी वन विभागाकडे आदल्या दिवशी करावी. सूर्योदयाला तेथे पोहोचावे, कारण साडेआठनंतर पक्षी सावली धरतात. सध्या गवत उंच आहे आणि कुसळे कपड्यांतून आत शिरतात, म्हणून पायघोळ, जाड कापडाचे कपडे आणि बंद बूट घालावेत. गाडी वाटेवरच ठेवावी, गवतात चालत जाऊ नये आणि पक्ष्यांना बोलावण्यासाठी मोबाईलवर त्यांचे आवाज वाजवू नयेत. दुपारनंतर जाणे या महिन्यात टाळावे. उघड्या माळावर विजा चमकत असताना आडोसा मिळत नाही आणि एकट्या झाडाखाली उभे राहणे तर सर्वांत धोक्याचे.

प्रश्न : आमच्याकडे आजीच्या काळातील काही सोलापुरी चादरी आहेत. दरवर्षी दसऱ्याला धुताना त्यांचे रंग उतरतात आणि ठेवल्यावर कुबट वास येतो. काय करावे?
– एक वाचिका, साखर पेठ

उत्तर : आपल्याकडील चादर जॅकार्ड मागावर विणलेली असते आणि तिची नक्षी दोन्ही बाजूंनी दिसते. जेथे एका बाजूला लाल, तेथे दुसऱ्या बाजूला पांढरा, अशी रंगांची अदलाबदल तिच्यात असते. या विणीमुळे चादर दुहेरी वापरता येते, पण त्यामुळेच उतरलेला रंग शेजारच्या पांढऱ्या सुतावर लगेच चढतो. चादरी म्हणून एकेकट्याच धुवाव्यात. पाणी थंड असावे, साबण सौम्य असावा आणि अर्ध्या तासाहून अधिक काळ भिजत ठेवू नये, कारण रात्रभर भिजवलेल्या चादरीतून सर्वाधिक रंग जातो. सोडा आणि विरंजक चूर्ण यांपासून जुन्या चादरी दूरच ठेवाव्यात. धोपाटण्याने बडवण्याऐवजी हाताने दाबून मळ काढावा, कारण जुने सूत काठांशी विरलेले असते आणि पहिली फाट तेथेच पडते.

वाळवताना चादर एका दोरीवर दुमडून टाकू नये. दोन समांतर दोऱ्यांवर ती पसरली, तर मधल्या मोकळ्या जागेतून हवा खेळते आणि वजन विभागले जाते. गडद रंगाच्या चादरी सकाळच्या उन्हात घालून अकरानंतर सावलीत घ्याव्यात. पांढऱ्या आणि फिकट रंगाच्या चादरींना दुपारचे ऊन लाभते.

कुबट वास हा बुरशीचा असतो, आणि चादर बाहेरून कोरडी वाटत असली तरी घडीच्या आत ओल राहिल्याने तो येतो. उन्हातून आणलेली चादर गरम असतानाच घडी करून कपाटात ठेवू नये, ती घरात तासभर पंख्याखाली पसरावी आणि मगच घडी घालावी. प्लास्टिकच्या पिशव्या ओल कोंडून ठेवतात, त्यांच्याऐवजी जुन्या सुती लुगड्यात किंवा धोतरात बांधावे. कडुनिंबाचा पाला घालायचा असेल तर तो पूर्ण सुकलेला असावा, कारण ओल्या पाल्याने डाग पडतात. दर वर्षी घडीची रेषा बदलावी, म्हणजे एकाच जागी सूत तुटत नाही.

या चादरी ज्या कारखान्यातून आल्या, तो आता चालू असेलच असे नाही. शहरातील मागांची संख्या घटत गेली आहे आणि अशा विणीच्या जुन्या चादरी पुन्हा मिळणे कठीण होत चालले आहे. भौगोलिक मानांकन मिळालेले हे वस्त्र आपल्या घरात वापरात राहावे, असे मला मनापासून वाटते. पेटीत जपून ठेवलेल्या चादरीपेक्षा थंडीत अंगावर घेतलेली आणि नीट धुतलेली चादर अधिक बरी.

प्रश्न : मी निवृत्त शिक्षक आहे. शिलालेख वाचण्याचा छंद नव्याने लागला आहे. नातवंडांसह हत्तरसंग कुडलला रविवारी जावे का?
– एक वाचक, विजापूर रोड

उत्तर : अवश्य जावे, परंतु आधी भीमेच्या पाण्याची चौकशी करावी. भीमा आणि सीना यांच्या संगमावरील हे ठिकाण शहरापासून सुमारे चाळीस किलोमीटर आहे. सप्टेंबरमध्ये उजनी धरण भरत आले की नदीत पाणी सोडले जाते आणि त्याच सुमारास सीनेलाही पूर येऊ शकतो. धरणातून विसर्ग चालू असेल तर मुलांना संगमाच्या घाटावर नेऊ नये आणि बेत दिवाळीच्या सुट्टीवर टाकावा.

तेथे संगमेश्वर मंदिरातील तुळईवर शके 940, म्हणजे इसवी सन 1018 मधील लेख आहे. मराठीतील अगदी जुन्या, काळाचा निश्चित उल्लेख असलेल्या शिलालेखांपैकी तो एक आहे, आणि त्याच्या शेवटी जो हे वाचील तो विजयी होईल अशा अर्थाचे वाक्य आहे. आपल्या जिल्ह्यातील शिलालेखांचा आयुष्यभर शोध घेणारे सोलापूरचे संशोधक आनंद कुंभार यांच्यामुळे हा लेख अभ्यासकांसमोर आला. कोणत्याही विद्यापीठात अध्यापक नसलेल्या या माणसाने गावोगाव फिरून हे काम केले, हे नातवंडांना तेथे उभे राहून सांगण्याजोगे आहे. जवळच्याच हरिहरेश्वर मंदिराच्या परिसरात साडेतीनशेहून अधिक लहान मुखे कोरलेले शिवलिंग आहे. ती मुखे एकसारखी नाहीत, हे लक्षात आले की मुले आपोआप थांबून पाहू लागतात.

छंद नवा आहे म्हणून दोन गोष्टी आवर्जून लिहितो. अक्षरे उठून दिसावीत म्हणून त्यांत खडू, पीठ, हळद किंवा रंग भरण्याची पद्धत पूर्वी सर्रास होती. ती आता पूर्ण सोडून द्यावी. पाणी शिंपडणेही नको. झीज झालेली अक्षरे वाचण्यासाठी उजेड बाजूने आणि तिरपा पडला पाहिजे. समोरून मारलेल्या प्रकाशात खोलगट रेघा सपाट दिसतात, तर बाजूने आलेल्या प्रकाशात त्यांच्या कडांना सावली पडते. तुळई आतल्या बाजूला असल्याने तेथे सूर्याच्या भरवशावर राहता येत नाही. बॅटरी हातभर अंतरावर, दगडाला जवळजवळ समांतर धरावी आणि एकाच अक्षराची चार बाजूंच्या प्रकाशात चार छायाचित्रे घ्यावीत. घरी आल्यावर ती शेजारी ठेवून पाहिली की कोणती रेघ कोरलेली आहे आणि कोणती दगडाची भेग आहे, हे बहुधा उलगडते. वाचनाची घाई करू नये. पहिल्या भेटीत ओळखीची वाटणारी अक्षरे वहीत आहेत तशी उतरवून घेणे एवढेच पुरे, आणि ती उतरवण्याचे काम नातवंडांना दिले तर त्यांचाही वेळ चांगला जाईल.

प्रश्न : सकाळच्या सहलीला उन्हात न बिघडणारे काय न्यावे? पावाचे पदार्थ नको आहेत.
– एक वाचिका, अशोक चौक

उत्तर : ज्वारी किंवा बाजरीची कडक भाकरी आणि शेंगाची चटणी. पातळ थापलेली भाकरी मंद आचेवर पूर्ण कडक होईपर्यंत भाजली की तिच्यातील पाणी निघून जाते, आणि पाणी नसल्यामुळेच ती अनेक दिवस टिकते. चटणीसाठी शेंगदाणे खमंग भाजून, लाल तिखट, लसूण, जिरे आणि मीठ घालून तेल सुटेपर्यंत कुटावेत. मिक्सरमध्ये भुगा होतो, कुटल्यावर ती ओशट आणि घट्ट होते. दही मात्र वेगळ्या, घट्ट झाकणाच्या डब्यात न्यावे आणि दहाच्या आत संपवावे. शनिवारी एकादशी असल्याने उपवास करणाऱ्यांसाठी भगर नेणार असाल तर ती पहाटे शिजवलेली असावी, कारण भगरीचे पदार्थ ओलसर असतात आणि या हवेत दुपारपर्यंत आंबतात. भगरीचे पीठ सुटे न घेता धान्य निवडून, धुऊन घरीच दळावे.

प्रश्न : आम्ही बदलीमुळे यंदाच सोलापुरात आलो आणि शहराच्या पूर्व भागात राहतो. शेजारच्या तेलुगुभाषक महिलांनी बतुकम्मासाठी बोलावले आहे. फुले रविवारी आणून ठेवावीत का, आणि कोणती?
– एक वाचिका, पूर्व भाग

उत्तर : बतुकम्मा या फुलांच्या सणाचा आरंभ सर्वपित्री अमावास्येला होतो आणि दुर्गाष्टमीच्या दिवशी मोठ्या बतुकम्माने सांगता होते. विणकामासाठी सोलापुरात आलेल्या पद्मशाली समाजाने हा सण येथे पिढ्यान्‌पिढ्या जपला आहे. ताटात फुलांचे थर गोलाकार, वरवर निमुळते होत जातील असे रचतात. शेंड्यावर हळदीची गौरम्मा ठेवतात, तिच्याभोवती फेर धरून टाळ्यांच्या ठेक्यावर गाणी म्हणतात आणि शेवटी ती फुले पाण्यात सोडतात.

तरवडाची पिवळी फुले आणि कुरडूचे पांढरट-गुलाबी तुरे ही यांतील मुख्य फुले. दोन्ही या दिवसांत माळावर, बांधावर आणि रस्त्याकडेला भरपूर असतात. त्यांतील कुरडू रविवारी आणलेत तरी चालेल, तुरे वाळले तरी आकार आणि बराचसा रंग टिकून राहतो. तरवडाची फुले मात्र काही तासांत मलूल होतात, म्हणून ती अमावास्येच्या सकाळीच आणावीत. रविवारच्या फेरीत फक्त झुडपे कुठे आहेत ते पाहून ठेवावे. झुडूप उपटू नये, फांद्या ओरबाडू नयेत, कात्रीने देठासह गुच्छ कापावेत आणि प्रत्येक झुडपावर निम्मी फुले मधमाश्यांसाठी राहू द्यावीत. याच तरवडाची माळ मराठी घरांतील घटावरही चढते, त्यामुळे या आठवड्यात त्या झुडपांवर सगळ्यांचाच हात पडतो.

गाणी तेलुगूत असली तरी टाळ्यांचा आणि पावलांचा ठेका पहिल्याच फेऱ्यात जमतो. रिकाम्या हाताने जाऊ नये, थोडी फुले घेऊन जावे. थर रचण्यास शेजारणींबरोबर दुपारीच बसलात, तर संध्याकाळच्या फेरात तुम्ही पाहुण्या राहणार नाही.

प्रश्न : आम्ही सदनिकेत राहतो. मागच्या वर्षी घटातील धान्य उगवण्याऐवजी कुजले. माती कोणती घ्यावी?
– एक वाचक, होटगी रोड

उत्तर : बहुधा तुम्ही शेतातील निव्वळ काळी माती घेतली असावी आणि पाणी जास्त घातले असावे. आपल्याकडची काळी माती पाणी धरून ठेवते. शेतात तिचा हा गुण रब्बी ज्वारीला तारतो, कारण परतीच्या पावसाच्या ओलीवर ते पीक पुढे वाढते. पण पत्रावळीवरच्या चार बोटे जाडीच्या थरात पाण्याला उतरायला जागा नसते, बियाला हवा मिळत नाही आणि ते कुजते. दोन भाग काळी माती, एक भाग चाळलेली वाळू आणि थोडे जुने, पूर्ण कुजलेले शेणखत असे मिश्रण करावे. रविवारी माती आणून ढेकळे फोडावीत, ती दिवसभर उन्हात पसरावी आणि चाळून ठेवावी.

घट नवा, कच्च्या रंगाचा, बाहेरून रंग न दिलेला असावा. अशा मडक्यातून पाणी अंगाने झिरपत राहते आणि भोवतीची माती आपोआप ओलसर ठेवते. रंगवलेल्या मडक्याची छिद्रे बुजतात, मग आपण वरून पाणी घालतो आणि माती चिखल होते. झिरपणारा घट असेल तर पहिल्या दिवशी माती हलकी भिजवावी आणि नंतर ती बोटाला कोरडी लागली तरच हाताने शिंतोडे द्यावेत.

गहू, ज्वारी, हरभरा, करडई असे जे धान्य घ्याल ते पेरणीच्या बियाण्याचे नसावे, कारण त्याला औषध लावलेले असते आणि ते घरात मुलांच्या हाती लागणे बरे नाही. किडके आणि फुटके दाणे निवडून काढावेत. हरभरा बुधवारी रात्री भिजत घातला तर तो गव्हाबरोबरच वर येतो, अन्यथा मागे राहतो. दाणे एकावर एक न टाकता विरळ पेरावेत आणि त्यांवर बोटाच्या पेराएवढाच मातीचा थर द्यावा. घट भिंतीच्या कोपऱ्यात कोंडून ठेवण्यापेक्षा हवा खेळती राहील असा ठेवावा. अखंड दिव्याची वात आणि घटावरची माळ यांच्यामध्ये हातभर अंतर राखावे, कारण दररोज एक माळ वाढत गेल्यावर वाळलेली खालची फुले ज्योतीच्या जवळ येतात.